तुम्ही विचारलंत म्हणून: डब्यातल्या मिरचीचं बी पेरलं तर?

गॅलरीतल्या कुंड्या बघून शेजारीण विचारते, भिशीतल्या मैत्रिणी विचारतात, परदेशी गेलेल्या भाच्या फोनवर विचारतात: स्वयंपाकघरातल्या सुक्या मिरचीचं बी कुंडीत टाकलं तर उगवेल का? आणि लगेच पुढचं, तशीच मिरची येईल का? हे दोन प्रश्न नेहमी जोडीनं येतात, पण त्यांची उत्तरं फार वेगळी आहेत. म्हणून जरा सविस्तर सांगते.

उगवण्याचं आधी. हो, बहुतेक वेळा उगवतं. झाडावर पिकून लाल झालेल्या आणि उन्हात वाळलेल्या मिरचीतलं बी जिवंत असतं. कोरड्या जागी ठेवलं तर दोनेक वर्षं ते चांगलं उगवतं, पुढे उगवण घसरत जाते. भाजीवाल्याकडच्या हिरव्या मिरचीचं मात्र पेरायला घेऊ नका. ती तोडतात तेव्हा तिच्यातलं बी भरलेलंच नसतं. यंत्रात फार तापवून वाळवलेल्या मिरचीचाही भरवसा नाही.

चटणीची मिरची घरात येते तेव्हा बी आयतं मिळतं. माझं माहेर गडहिंग्लजकडचं. तिथे वर्षाचं तिखट म्हणजे कांदा-लसूण चटणी, आणि मार्च-एप्रिलात मिरच्यांना ऊन देणं, देठं खुडणं, मग डंकावर नेणं हे घराघरांत चालतं. देठं खुडताना खाली जे बी गळतं ते पेरण्याजोगं असतं. एकदा का मिरची तेलावर परतली की ते बी गेलं, म्हणून घ्यायचं ते भाजण्याआधी. शिवाय रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी आणि झणक्याला लवंगी अशा तिन्ही मिरच्या शेजारी शेजारी पसरलेल्या असतात. सुपातळी जमलेल्या बियांत कोणतं कुणाचं ते ओळखता येत नाही. त्यापेक्षा प्रत्येक जातीच्या चार-पाच चांगल्या, डाग नसलेल्या मिरच्या आधीच बाजूला काढा आणि त्यांचं बी वेगवेगळं ठेवा.

पेरण्याआधी दहा दाणे ओल्या सुती कापडात गुंडाळून झाकणाच्या डबीत, उबदार जागी ठेवून बघावेत. आठ-दहा दिवसांत सात-आठ फुटले तर बी उत्तम. तीन-चारच फुटले तर जास्त पेरायचं, एवढंच. पाण्यात टाकून तरंगणारं बी फेकून द्या असं बरेच जण सांगतात, पण मी त्यावर विसंबत नाही. मिरचीचं बी चपटं आणि हलकं, चांगलं कोरडं असलं की जिवंत बीसुद्धा तरंगतं.

आता दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते खरा प्रश्न हाच. तशीच मिरची येईल का? ते बी सरळ जातीचं आहे की संकरित, यावर ते ठरतं. आज बाजारात येणारी बरीचशी मिरची संकरित बियाण्याची असते. दोन वेगळ्या वाणांचा मुद्दाम संकर करून ते बियाणं तयार करतात, त्याची पहिली पिढी एकसारखी आणि भरघोस येते. पण त्या झाडाच्या मिरचीतलं बी तुम्ही पेरलंत की आई-बापाचे गुण सुटे होऊन निरनिराळे बाहेर पडतात. एका झाडाला लांब मिरच्या, दुसऱ्याला आखूड, एखादी भलतीच तिखट, एखादी अगदीच मिळमिळीत. झाडं येतात, मिरच्याही येतात, पण हवी होती ती मिरची येईल याची खात्री नसते.

सरळ जातीचं तसं नाही. आमच्याकडे तिला जवारी म्हणतात. जवारी संकेश्वरी पेरली तर संकेश्वरीच येते: उंच झाड, लांब, पातळ सालीची, पिकल्यावर सुरकुतणारी मिरची. लवंगी पेरली तर आखूड, आकाशाकडे तोंड करून लागणारी, जीभ पोळवणारी लवंगीच येते. विद्यापीठांनी आणि संशोधन संस्थांनी निवडीतून किंवा संकरानंतर स्थिर करून दिलेले सुधारित वाणही याच गटात बसतात. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची पुसा ज्वाला, राहुरीची फुले ज्योती, परभणी तेजस, दापोलीची कोकण कीर्ती, यांचं बी घरी धरता येतं. दुकानातून पाकीट घेणार असाल तर त्यावर ‘संकरित’ किंवा ‘एफ १’ लिहिलंय का ते आधी वाचा. पाकिटातलं बी गुलाबी किंवा हिरवं दिसलं तर त्याला औषध चोळलेलं असतं, ते हाताळून झाल्यावर हात धुवा आणि मुलांपासून लांब ठेवा.

मला विचाराल तर जवारीच लावा. शेतकऱ्याला जवारी परवडत नाही हे मला ठाऊक आहे. उत्पन्न कमी, रोगाला बळी पडते, आणि वर्षभराचा संसार त्या पिकावर चालवायचा असतो, त्यामुळे तो संकरित बियाण्याकडे वळला यात त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या-माझ्या गॅलरीत चार कुंड्या असतात. आपल्याला क्विंटलचा हिशोब करायचा नाही. जी मिरची शेतातून कमी होत चालली आहे ती निदान घराघरांत तरी जिवंत ठेवता येते, आणि मला हे काम मोलाचं वाटतं. ब्याडगीला भौगोलिक मानांकन आहे, आपल्या नागपूर जिल्ह्यातल्या भिवापुरीला आहे, गोव्यात काणकोणच्या खोल्याच्या मिरचीला आहे. मानांकनानं नाव राखलं जातं, भाव मिळायला मदत होते. बी मात्र दर वर्षी कुणीतरी पेरावं लागतं, तरच राहतं.

एक गोष्ट मोकळेपणानं सांगते. बी तेच असलं तरी माती, ऊन आणि पाणी तुमचं आहे. कर्नाटकात हावेरीकडच्या काळ्या रानात वाळलेल्या ब्याडगीचा रंग पुण्यातल्या कुंडीत जसाच्या तसा उतरत नाही. जात ओळखू येईल, चव जवळ जाईल, रंगात थोडा फरक पडेल.

लावण्याबद्दल थोडक्यात, कारण ते अवघड नाही. कोकोपीट आणि गांडूळ खताच्या मिश्रणात बी अर्धा सेंटिमीटर खोल टाका. २५ ते ३० अंश तापमानात आठ ते चौदा दिवसांत कोंब दिसतात, डिसेंबरच्या थंडीत तीन आठवडेही लागतात. मी मेच्या शेवटी पेरते किंवा मग सप्टेंबरात. रोपं उगवल्यावर जास्तीचं पाणी घालू नका. सतत ओल राहिली की बुरशी लागून कोवळी रोपं जमिनीलगत बारीक होतात आणि कोलमडतात, मग ती वाचत नाहीत. चार-सहा खरी पानं आली की दहा-बारा इंची कुंडीत एकेक रोप लावा. दिवसाला पाच-सहा तास थेट ऊन हवंच. सावलीच्या गॅलरीत पानं सुरेख येतात, मिरच्या येत नाहीत.

फुलं येतात आणि गळतात, ही तक्रार सगळ्यांची. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा ३५ अंशांच्या वर गेला की फूलगळ होते, तशीच रात्री फार गार झाल्या तरी होते. तेव्हा झाडाला औषध लागत नाही, हवा बदलण्याची वाट पाहावी लागते. नत्राचं खत जास्त झालं तरी झाड नुसतं पानांनी भरतं. कबुतरांच्या जाळीमुळे वारा अडत असेल तर सकाळी फुलांच्या फांद्यांना बोटानं हलकी टिचकी मारा. मिरचीच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात, नुसतं हलवण्यानंही परागीभवन होतं.

पानं आक्रसतात ते दुखणं मात्र नीट बघून ओळखावं लागतं. शेतकरी त्याला चुरडा-मुरडा म्हणतात, कुठे बोकड्या. पानाच्या कडा वर वळून पान होडीसारखं झालं तर बहुधा फुलकिडे असतात. कडा खाली वळून पान लांबुळकं झालं तर कोळी, म्हणजे जाळं विणणारा नव्हे, पानातला रस शोषणारी अगदी बारीक कीड. पानं बारीक, पिवळट होऊन झाडाची वाढच खुंटली तर पांढऱ्या माशीनं विषाणू आणलेला असतो. पहिल्या दोन्हींत पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा फवारा आणि पाच टक्के निंबोळी अर्क उपयोगी पडतो: ५० ग्रॅम कुटलेल्या निंबोळ्या एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, संध्याकाळी फवारायच्या. विषाणूवर उपाय नाही. ते झाड उपटून टाकणं जिवावर येतं, पण बाकीची वाचवायची तर उपटावंच लागतं. आणि घरात कुणी तंबाखू मळत असेल तर त्या हातांनी रोपांना शिवू देऊ नका. तंबाखूवरचा मोझॅक विषाणू मिरचीलाही लागतो आणि तो हातांवरून सहज पसरतो.

मिरच्या पिकायला लागल्या की बुलबुल येतात. त्यांना तिखट लागत नाही का, हेही मुलं विचारतात. नाही लागत. मिरचीतल्या कॅप्सेसिनमुळे आपल्या तोंडात आग पडते, कारण ते उष्णता ओळखणाऱ्या आपल्या ग्राहींना, म्हणजे मज्जातंतूंवरच्या संवेदकांना, चेतवतं. हा ग्राही अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ साली कॅप्सेसिनच्याच मदतीनं शोधला आणि २०२१ साली त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. पक्ष्यांच्या ग्राहीवर कॅप्सेसिनचा परिणाम होत नाही. उंदीर-घुशी तिखटाला दबतात, त्यांच्या दातांखाली बी चिरडलं गेलं असतं. पक्षी मिरची गिळतात आणि बी शाबूत ठेवून दुसरीकडे टाकतात. सोसायटीच्या भिंतीकडेला कुणी न लावलेलं मिरचीचं झाड दिसतं ते असं येतं. ओघात हेही सांगते की तिखटपणा मुळात बियांत नसतो. तो बिया जिला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या गाभ्यात तयार होतो, बियांना नुसता लागतो. बी काढताना हातमोजे घालाच. आग झालीच तर आधी हाताला तेल चोळा, मग साबणानं धुवा, कारण कॅप्सेसिन तेलात विरघळतं, पाण्यात फारसं नाही.

आता बी धरण्याचं. घरी मिरची लावणारे इथेच थांबतात आणि दर वर्षी नवं पाकीट आणतात, म्हणून यावर मी जरा जास्त बोलते. मिरचीचं बहुतेक परागीभवन आपलं आपणच होतं, पण मधमाश्या आल्या की शेजारच्या जातीचे परागही येतात. ढोबळीशेजारी लावली म्हणून यंदाची लवंगी मिळमिळीत झाली, असं तुम्ही ऐकलं असेल. यंदाच्या मिरचीवर शेजाऱ्याच्या परागाचा असा परिणाम होत नाही. फरक पडतो तो तिच्या बियांत, आणि दिसतो पुढच्या वर्षीच्या झाडावर. म्हणून ज्या फांदीचं बी धरायचं तिच्यावर कळ्या उमलण्याआधी जाळीच्या कापडाची छोटी पिशवी बांधा. लग्नात सुकामेवा देतात त्या झिरझिरीत पोटल्या यासाठी अगदी सोयीच्या. रोज सकाळी पिशवीवरून फांदी हलवा. मिरच्या धरल्या की पिशवी काढा आणि त्यांच्या देठांना रंगीत दोरा बांधून ठेवा, म्हणजे घाईत कुणी आमटीला तोडणार नाही.

कोणत्या झाडाचं धरायचं, यात खरी गंमत आहे. जवारी बियाण्याची झाडंही एकमेकांसारखी तंतोतंत नसतात. जे झाड उन्हाळ्यात तग धरतं, ज्याची पानं कमी आक्रसतात, ज्याच्या मिरच्या जातीला शोभतील अशा आहेत, त्याचंच बी मी घेते. पहिली मिरची मोठी आली म्हणून तिचं घेत नाही. सगळं झाड बघते. अशी निवड वर्षानुवर्षं केली की तुमच्या गॅलरीच्या उन्हाला, तुमच्या नळाच्या पाण्याला सोसणारी मिरची हळूहळू हाती लागते. शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हेच केलं, म्हणून मेक्सिकोकडून निघून पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात इथे आलेल्या एका झाडाच्या एवढ्या जाती झाल्या.

मिरची झाडावरच पूर्ण लाल होऊन सुरकुतू द्या. मग बी काढून सावलीत वाळवा. वाकवल्यावर न वाकता कटकन तुटलं की वाळलं समजा. कागदी पुडीत घालून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. पुडीवर जात, साल आणि त्या वर्षी शेजारी कोणती मिरची होती तेही लिहा.

परदेशातल्या भाच्यांनी इथून बी नेऊ नये. बऱ्याच देशांत बियाणं आणण्यावर कडक नियम आहेत आणि ते रोग अडवण्यासाठीच आहेत. तिकडे मिळणारं सरळ जातीचं बी घ्या आणि थंड देशात असाल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये घरात, उबेला पेरा. मिरचीला लांबलचक हंगाम लागतो, उशिरा पेरली तर पिकण्याआधीच गारठा येतो.

पुण्यातल्यांना मी बी देते, पण प्रत्येकाला वेगळं मागू नका. आमच्या जिन्यातल्या सगळ्यांना मी संकेश्वरीचंच वाटलं आहे. वरच्या गॅलरीतही तीच, समोरच्या गॅलरीतही तीच असली की मधमाश्या कुठूनही आल्या तरी पराग संकेश्वरीचेच आणतात, आणि पिशव्या बांधायचं काम निम्म्यावर येतं.