२०२२ मध्ये जाऊन पडलेली रात्र

लोटे परशुरामच्या आमच्या कारखान्याचा डॅशबोर्ड त्या सकाळी हिरवागार होता. सगळी यंत्रं नोंदी पाठवतायत असं तो सांगत होता, आणि ते खरंही होतं. तरी रात्री २ वाजून २६ मिनिटांनी हिस्टोरियन सर्व्हरवर (कारखान्यातली मोजमापं साठवणाऱ्या कॉम्प्युटरवर) कोण शिरलं, हे मला सांगता येत नव्हतं.

आमच्या उद्योगसमूहाचे कारखाने रोह्यापासून लोट्यापर्यंत, मुख्यालय मुंबईत. मी चिपळूणला घरून काम करते. सगळीकडच्या सर्व्हरचे, फायरवॉलचे (नेटवर्कची राखण करणाऱ्या यंत्रांचे), दारावरच्या कार्ड-रीडरचे लॉग, म्हणजे नोंदी, एका जागी जमा होतात. त्यात खटकणारं काही दिसतंय का ते बघायचं. रोजचा ढीग एवढा की माणसाने वाचायचा प्रश्नच नाही. नियम लावून ठेवायचे आणि नियमाने हाक मारली की उठायचं.

पावणेआठला हाक आली. विंडोजची ४६२४ क्रमांकाची नोंद, म्हणजे यशस्वी लॉगिन. प्रकार १०, म्हणजे रिमोट डेस्कटॉपवरून. खातं बाहेरच्या व्हेंडरचं. हिस्टोरियनवर रिॲक्टरची तापमानं, दाब वगैरे साठतं. तिथे अपरात्री कोणी येणं बरं नव्हे. पत्ता व्हीपीएनच्या, म्हणजे बाहेरून आत यायच्या सुरक्षित वाटेच्या, आतला होता, त्यामुळे बाहेरून नेमकं कोण आलं हे फक्त कारखान्याच्या फायरवॉललाच माहीत. आणि ‘गेले २४ तास’ लावून शोधलं, तर फायरवॉलच्या नोंदी रात्री पावणेदोनच्या आधीच संपत होत्या.

“नोंदी नाहीत म्हणजे कोणीतरी पुसल्यात,” मुंबईहून सर म्हणाले. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. म्हणजे दुपारी पावणेदोनपर्यंत.

लॉग पुसला की विंडोज त्याचीच एक नोंद करतं, क्रमांक ११०२. सर्व्हरवर ती नव्हती. मग घरूनच फायरवॉलमध्ये शिरायला गेले, तर ओटीपी नाकारला. परत नाकारला. सरांचा आवाज चढला, “तुमचं खातंसुद्धा गेलं!”

मला पटेना. नोंदी जमा करणाऱ्या आमच्या सिस्टिमचं लायसन्स दिवसाला किती जीबी डेटा येतो त्यावर आहे, त्यामुळे कोणत्या यंत्राकडून किती आलं याचा पैपैचा हिशोब असतो. त्या हिशोबात लोट्याच्या फायरवॉलचा आकडा रोजच्याइतकाच दिसत होता. येतंय, पण सापडत नाही. तारखेची अट काढून शोधलं. मूठभर ओळी सापडल्या. तारीख १७ मार्च २०२२.

रात्री वीज गेली, यूपीएसने मान टाकली, फायरवॉल बंद पडून पुन्हा चालू झाला. आतल्या घड्याळाचा सेल संपलेला, म्हणून त्याने फर्मवेअर (त्याच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर) बनल्याची तारीख हीच आजची धरली. नेटवर्कवरून घड्याळ जुळवणाऱ्या एनटीपीने वेळ सुधारायला हवी होती. पण जुनी एनटीपी सेवा, मुद्दाम मुभा दिलेली नसेल तर, १००० सेकंदांहून जास्त फरक दिसला की घड्याळाला हात न लावता स्वतःच बंद होते. पुढचं आमच्याकडे घडलं. आम्ही नोंदी १८० दिवस ठेवतो; बंधन तेवढंच आहे आणि जास्त ठेवायचं तर पैसे पडतात. सिस्टिम नोंदीचं वय मोजते ते नोंदीवरच्या तारखेवरून. २०२२ च्या म्हणून आलेल्या ओळी जुन्या ठरल्या आणि पहाटेच्या साफसफाईत गेल्या. उरल्या त्या साफसफाईनंतर आलेल्या. नोंदी पुसल्या गेल्यात हे सरांचं बरोबर होतं. पुसणारी आमचीच सिस्टिम होती.

ओटीपीचंही उलगडलं. तो वेळेवरून बनतो, ३० सेकंदांत बदलतो. माझा मोबाइल आजमध्ये, फायरवॉल २०२२ मध्ये, जुळणार कसं? मग व्हेंडर कसा आत आला?

फायरवॉलच्या स्वतःच्या डिस्कवर मूळ प्रत असणार होती, पण ती डिस्क लहान, भरली की जुन्यावर नवं लिहिते. जाणं भाग होतं. परशुराम घाट चालू आहे का याची फोन करून खात्री केली. भरतीची वेळही बघितली, ती सवयच. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळुणात पाऊस किती पडला याच्या जोडीने भरती कधी आहे हे विचारतात. भरती असली की वाशिष्ठीला खाडीत उतरायला वाट मिळत नाही.

कारखान्यात इलेक्ट्रिकलचे काका डीजीजवळ (डिझेल जनरेटरजवळ) होते. “काय गो, एवढ्या पावसात?”

“काका, तुमची डीजीची वही बघू.”

चौकोनी अक्षरात लिहिलेलं: वीज गेली १.४०, डीजी लोडवर १.४२.

सर्व्हर रूममध्ये कन्सोलची केबल लावली, बंद पाकिटातला पासवर्ड काढला. घड्याळ लगेच दुरुस्त करायचा मोह होतो, पण आधी जसंच्या तसं उतरवून घ्यायचं असतं. माझ्या मोबाइलवर १०.३४, फायरवॉलवर १७ मार्च, ८.५१. म्हणजे त्याची मध्यरात्र आपल्या १.४३ ला झाली. वहीशी मिनिटाचा फरक. तो काकांच्या घड्याळाचा. या हिशोबाने २.२६ चं लॉगिन फायरवॉलच्या ०.४३ चं. ०.४१ ला व्हीपीएनवर एक माणूस आलेला होता: व्हेंडरचं खातं, पुण्याचा पत्ता.

शिफ्ट इनचार्जला झोपेतून उठवलं. वीज आल्यावर हिस्टोरियनची सेवा चालू होईना, म्हणून त्यांनीच २.११ ला पुण्याच्या इंजिनिअरला फोन केला होता. मोबाइलमध्ये कॉल दिसत होता. इंजिनिअरने सेवा चालू केली आणि बाहेर पडला. सर्व्हरवरच्या नोंदीही तेच सांगत होत्या. सर तरीही ‘कळवूनच टाकू’वर होते, सगळ्या वेळा एका कागदावर मांडून पाठवल्या तेव्हा साडेबाराला थांबले.

फायरवॉलला नवा सेल घातला, घड्याळ एनआयसी या सरकारी संस्थेच्या एनटीपीला जोडलं. माझ्याकडे मी एक नियम वाढवला: नोंदीवरची वेळ आणि नोंद आमच्याकडे पोचल्याची वेळ यांत १५ मिनिटांहून जास्त अंतर दिसलं की अलर्ट. हा नियम कुठल्याही महागड्या टूलपेक्षा आधी लावावा, असं माझं मत आहे. पहिल्याच दिवशी त्यात वजनकाट्याचा कॉम्प्युटर सापडला, ४० मिनिटं पुढे. गाड्यांच्या स्लिपांवर तीच वेळ छापली जात होती आणि कोणाचीच तक्रार नव्हती.

व्हेंडर कसा आला याचं उत्तर फायरवॉलच्या सेटिंगमध्येच होतं. त्या खात्याला ओटीपीतून सूट दिलेली, नुसत्या पासवर्डवर प्रवेश, आणि तो पासवर्ड त्यांच्याकडचे तिघे-चौघे वापरतात. त्या रात्री इंजिनिअर होता म्हणून निभावलं. सूट काढण्याचा मेल मी त्याच संध्याकाळी टाकला. तो अजून उत्पादन आणि खरेदी या दोन विभागांत फिरतोय.