परकी वही: ओहतानी अखेर सपाट

शोहेई ओहतानी सपाट झाला, म्हणजे त्याचं वाकलेलं बेसबॉल कार्ड. टॉप्स कंपनीचं २०१८ टॉप्स क्रोम, क्रमांक १५०. उताणं ठेवा की पालथं, कार्ड आणि टेबल यांच्यामध्ये साधा कागद सरकवायलाही फट उरलेली नाही. मागच्या नोंदीत ज्यांनी फोटो पाहून "हे गेलं, दुसरं घ्या" असं लिहिलं होतं, त्यांच्यासाठी ही सविस्तर नोंद.

नव्यांसाठी नियम एका ओळीत: संघ आपला न्यूयॉर्क मेट्स, वही (कार्डांचा अल्बम) मात्र परक्यांची. ज्याने मेट्सचा गणवेश कधीच घातला नाही, त्यालाच खिसा. म्हणून टोनी ग्विन आहे, रिकी हेंडरसन नाही. केन ग्रिफी ज्युनियर आहे, पेड्रो मार्टिनेझ नाही. चिपर जोन्सने मेट्सच्याच जुन्या शे स्टेडियमवर मेट्सला इतकं रडवलं की मुलाचं नावच 'शे' ठेवलं, तरी तो पहिल्या पानावर आहे. चेस अटली मेट्सकडून कधी खेळला नाही, तरी वहीत नाही. २०१५ सालची त्याची ती स्लाइड (बेसकडे घसरत जाऊन दिलेली धडक) आणि मेट्सच्या रुबेन तेहादाचा मोडलेला पाय आठवतो त्यांना कारण सांगायला नको.

आता वाकण्याचं प्रकरण. क्रोम कार्ड म्हणजे पुठ्ठ्याच्या पुढच्या बाजूवर चिकटवलेला चकचकीत फिल्मचा थर. पुठ्ठा हवेतली आर्द्रता पितो आणि सोडतो, फिल्म जवळजवळ नाही. न्यू जर्सीच्या हिवाळ्यात हीटर लागला की घरातली आर्द्रता २५-३० टक्क्यांवर उतरते. पुठ्ठा आकसतो, फिल्म तेवढीच राहते, आणि कार्डाच्या कडा मागे वळून पोट पुढे येतं. पावसाळ्यात मुंबई-पुण्याला कार्ड नेलं तर उलटा प्रकार: पुठ्ठा फुगतो, कडा पुढे वर उचलतात. म्हणजे कुठल्या बाजूला वाकलंय त्यावरून ते कोरडं पडलंय की ओलं, हे कळतं. इलाज करण्याआधी एवढं पाहाच, कारण चुकीच्या दिशेने गेलात तर दुप्पट वाकेल.

जाड पुस्तकांखाली दाबण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो अर्धाच आहे. दाबाने आकार बदलतो, पुठ्ठ्यातलं पाणी बदलत नाही. पुस्तक उचललं की काही तासांत कार्ड पुन्हा पूर्वीसारखं. शिवाय मध्ये धुळीचा एक कण राहिला तरी क्रोमवर कायमचा खड्डा पडतो. ओला टॉवेल, वाफ, इस्त्री यांची नावंही काढू नयेत.

जमलं ते असं. झाकणाला रबरी सील असलेला, दोन-तीन लिटरचा खाण्याचा डबा घ्यायचा. त्यात बोव्हेडा कंपनीचं, आर्द्रता ४९ टक्क्यांवर राखणारं पाकीट, गिटारवाले वापरतात तेच. सिगारवाल्यांची ६५-६९ टक्क्यांची पाकिटं स्वस्तात दिसली तरी नकोत, तेवढ्या दमटपणात चकचकीत पृष्ठभाग एकमेकांना चिकटायला लागतात. ही पाकिटं कमी असेल तिथे ओलावा देतात आणि जास्त असेल तिथे शोषतात. सिलिका जेल फक्त शोषतं, थांबायचं कुठे ते त्याला कळत नाही. तळाशी प्लॅस्टिकची जाळी, कार्ड टॉपलोडर (कडक प्लॅस्टिकचं कव्हर) आणि स्लीव्ह (पातळ प्लॅस्टिकची पिशवी) यांतून बाहेर काढून जाळीवर, चेहरा वर. पाकिटाचा कार्डाला स्पर्श होता कामा नये. साधारण आठवडा झाकण उघडायचं नाही.

पुढची पायरी हीच खरी किल्ली, आणि जवळपास सगळ्या व्हिडिओंमध्ये ती गाळलेली असते: वजन डब्याच्या आतच ठेवायचं. बाहेर काढून दाबायला घेतलं की कोरड्या खोलीत पुठ्ठा लगेच पुन्हा आकसू लागतो. कार्ड नव्या पेनी स्लीव्हमध्ये सरकवून, तीन मिलिमीटर जाडीच्या दोन ॲक्रिलिक तुकड्यांच्या मध्ये, वर किलोभर वजन, आणि हे सगळं त्याच डब्यात आणखी चार-पाच दिवस. स्लीव्हचं तोंड उघडं ठेवायचं. एका वेळी एकच कार्ड; क्रोमच्या तोंडाला दुसऱ्या क्रोमचं तोंड लावलं तर वाकणं जाईल आणि दोन्ही चिकटून वीट होईल.

आर्द्रतामापकावर डोळे मिटून विश्वास नको. स्वस्त डिजिटल मापकात पाच टक्के इकडे-तिकडे सहज असतात. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, चिखल होईल इतपतच पाणी घाला, मापकासह झिपच्या पिशवीत रात्रभर ठेवा. ७५ टक्के दाखवायला हवेत. जेवढा फरक दिसेल तेवढा मापकावर मार्करने लिहून टाकायचा.

आणि जे जात नाही तेही सांगतो: कारखान्यातल्या छपाईच्या बारीक रेघा. त्या वाकण्याबरोबर आल्या नाहीत, त्याबरोबर जाणारही नाहीत. विकत घेताना कार्ड तिरपं धरून काढलेला फोटो मागायचा. समोरून एकच फोटो देणारा आणि तिरपा मागितला की गप्प बसणारा विक्रेता सोडून द्यावा. टॉपलोडरच्या तोंडावर साधा सेलोटेप लावणारेही त्याच रांगेतले. सहज निघणारा निळा पेंटर्स टेप काही महाग नसतो.

हे लिहिताना एक गोष्ट लक्षात येते आहे. वही काही हवाबंद नाही. सपाट केलेलं क्रोम पुन्हा नऊ खिशांच्या पानात घातलं तर पुढच्या हिवाळ्यात हेच सगळं. मग क्रोम वहीत हवंच कशाला? ओहतानीचं साधं कागदी २०१८ टॉप्स, मालिका दोन, क्रमांक ७००, तेही त्याच्या तेव्हाच्या एंजल्स संघाच्याच गणवेशातलं आणि किमतीला क्रोमपेक्षा हलकं. ते खिशात, क्रोम मॅग्नेटिक होल्डरमध्ये, होल्डर सीलच्या डब्यात. ठरलं. ग्रिफीचं १९९६चं टॉप्स क्रोम (त्या मालिकेचं पहिलंच वर्ष) त्याच वाटेने जाईल आणि त्याच्या जागी १९८९ अपर डेक क्रमांक १ परत येईल, जे खरं तर तिथून हलवायलाच नको होतं.

बाकी प्रगती भराभर. ग्रेग मॅडक्सचं १९८७ डॉनरस क्रमांक ३६ मिळालं. काळ्या कडांचं कार्ड असल्याने जरा घासलं की पांढरं दिसतं, पण या कार्डाच्या तीन कडा अखंड आहेत. चौथीवर मार्कर फिरवा असं कुणी सुचवू नये, तो फसवणुकीचा प्रकार आहे. इचिरोचं २००१ अपर डेक क्रमांक २७१ पानात बसलं. २००४ च्या २६२ हिट्सनंतर त्याला खिसा नाकारायचा तर वही बंद करावी लागेल. डेरेक जीटरचं १९९३ एसपी (अपर डेकचंच फॉइलचं कार्ड) घ्यायचा विचार सोडला: त्या फॉइलचे कोपरे पाकिटातूनच उडालेले निघायचे, आणि चांगल्या प्रतीची किंमत ऐकवत नाही.

पानांबद्दल: पीव्हीसीची जुनी पानं असतील तर आजच काढा, त्यांतला मऊ करणारा पदार्थ बाहेर येतो आणि कार्डाला चिकटतो. पॉलिप्रॉपिलीनचीच घ्या. वही डी-रिंगची हवी. गोल रिंगवर पान वळतं आणि आतल्या रांगेतल्या तीन कार्डांना वळ उमटतात.

राहिला प्रश्न हुआन सोटोचा. डिसेंबर २०२४ मध्ये तो मेट्सचा झाला, तेव्हापासून नियमानुसार त्याचा खिसा रिकामा आहे. पण २०१८ टॉप्स अपडेट यूएस३०० वर तो नॅशनल्स संघाच्या गणवेशात आहे. त्याला मेट्सच्या वहीत घालणं विचित्र, आणि खोक्यात टाकणं जिवावर येतं. मग शेवटी एक वेगळं पान: 'आलेले'. अट अशी की खेळाडू मेट्समध्ये कधीतरी आलेला हवा, पण कार्डावर परका गणवेश हवा. सोटो, पेड्रो, टॉम ग्लॅविन आणि हेंडरसनचं १९८० टॉप्स. ते क्रमांक ४८२, आणि ग्विनचं १९८३ टॉप्सही ४८२च! दोघांची पानं समोरासमोर लावायची म्हणजे सगळी मांडणी एका पानाने सरकवावी लागेल. सरकवू.

सोटोच्या मोकळ्या खिशात मारियानो रिव्हेरा, १९९२ बोमन क्रमांक ३०२, ज्यात तो गणवेशात नसून साध्या कपड्यांत आहे. ते कार्ड चकचकीत आहे आणि वर्षानुवर्षं गठ्ठ्यात पडून एकमेकांना चिकटतं, त्यामुळे सुटंच घ्यायचं, न उघडलेल्या पाकिटांच्या मोहात पडायचं नाही. कुणाकडे डाव्या-उजव्या कडांची रुंदी सारखी असलेली प्रत असेल तर कळवा. बदल्यात क्लेटन कर्शॉ, २००८ टॉप्स अपडेट यूएच२४०, जास्तीची एक प्रत आहे. अजिबात वाकलेली नाही.