सोनेरी केसांचा टोप

न्यूर्नबर्गच्या ख्रिसमस बाजाराचे फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिलेले असतात. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची कापडी छतं, मागे चर्च, हातात वाफाळते कप. त्यामुळे ते वर्णन मी करत बसत नाही. सगळं फोटोत दिसतं तसंच असतं, फक्त गर्दी फोटोत मावत नाही. अनंत चतुर्दशीला बाबागाडी घेऊन लक्ष्मी रोडवर जायची ज्यांची तयारी असेल, त्यांनीच डिसेंबरातल्या शनिवारी इथल्या मुख्य चौकात लहान पोरं न्यावीत. आम्ही नवऱ्याला अर्धी रजा टाकायला लावून मधल्या वारी दुपारी गेलो. मला सांगायचंय ते तिथे भेटलेल्या क्रिस्टकिंडबद्दल, म्हणजे इथल्या मुलांना नाताळच्या भेटी आणणारीबद्दल.

आम्ही राहतो शेजारच्या फ्युर्थमध्ये. मेट्रोने पंधरा-वीस मिनिटं. जर्मनीतली पहिली आगगाडी १८३५ साली याच दोन गावांमध्ये धावली, म्हणजे आपल्या बोरीबंदर-ठाण्याच्या अठरा वर्षं आधी. नवरा हे प्रत्येक पाहुण्याला सांगतो, आणि न्यूर्नबर्ग आणि फ्युर्थ ही वेगळी गावं मानायचं कारणच नाही, असंही सांगतो. फ्युर्थच्या लोकांसमोर मात्र तो हे बोलत नाही. या गोष्टीला पुढे महत्त्व येणार आहे.

मुख्य चौकापासून दोन पावलांवर हान्स साक्स चौक आहे. हा हान्स साक्स सोळाव्या शतकातला. धंदा जोडे शिवण्याचा, आणि लिहून ठेवल्यात हजारो कविता. त्याच्या चौकात फक्त मुलांचा बाजार भरतो. दुमजली चक्री, छोटा आकाशपाळणा, वाफेच्या इंजिनाची झुकझुक गाडी. बिस्किटं लाटायची, मेणबत्त्या करायच्या. धाकट्याने झुकझुक गाडीतून उतरायला नकार दिला आणि आमचा पाऊण तास तिथेच गेला. गाडीवाला इतका शांत, की शेवटी मलाच ओशाळं झालं. आम्ही मधल्या वेळी बटाट्याचा कीस घालून तळलेल्या पोळ्या खाल्ल्या, सफरचंदाच्या गोड लगद्याबरोबर. बाकी सगळ्यांच्या हातात पावात घातलेली तीन-तीन बोटभर सॉसेजं. शाकाहारी माणसाचे हाल होतात ही तुमची जुनी समजूत आता सोडून द्या.

तर क्रिस्टकिंड. इकडे बव्हेरियात मुलांना भेटी सांताक्लॉज आणत नाही, क्रिस्टकिंड आणते, तेही २४ तारखेच्या संध्याकाळी. मूळ कल्पना बाळ येशूची. भेटी संत निकोलसाकडून काढून येशूकडे द्यायचं श्रेय मार्टिन ल्यूथरला देतात. पुढे त्या बाळाची कधीतरी एक देवदूतासारखी मुलगी झाली. न्यूर्नबर्गात ती जिवंत मुलगी असते. दर दोन वर्षांनी निवडतात. अर्ज मागवतात, त्यातल्या मोजक्या मुलींचे फोटो छापून येतात, लोक मतं देतात आणि शेवटी परीक्षक एक नाव ठरवतात. ॲडव्हेंटच्या, म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांतल्या, पहिल्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी संध्याकाळी ती फ्राउएनकिर्षं या चर्चच्या सज्जात उभी राहून पद्यात बाजाराचं उद्घाटन करते, आणि मग नाताळपर्यंत वृद्धाश्रम, इस्पितळं, बालवाड्या अशी पायाला भिंगरी. आमच्या गावच्या जत्रेत पालखीला पहिला खांदा कोणाचा, हे चार पिढ्यांपूर्वी ठरलेलं आहे आणि त्यावरून अजून भाऊबंदकी चालते. देवाच्या कामाला माणूस मतदानाने निवडायचा हे मला फार आवडलं होतं. होतं म्हणजे अजूनही आवडतं.

त्या दुपारी ती मुलांच्या बाजारात आली. पांढरा-सोनेरी चुणीदार झगा, हात पसरले की पंख वाटावेत अशा बाह्या, उंच मुकुट आणि कमरेपर्यंत सोनेरी कुरळे केस. पोरं शांत झाली. आमची ठकीसुद्धा, जी झोपेतही बोलते. क्रिस्टकिंड वाकून एकेकाशी बोलत होती, स्वतःची सही केलेलं कार्ड देत होती. ठकीने कार्ड घेतलं, जर्मनमध्ये नाव सांगितलं, मागे आली आणि मराठीत विचारलं, "आई, काळे केस असले तर होता येतं का?"

नवरा म्हणाला, "अगं, टोप आहे तो. खोटे केस. खाली कुठलेही असू देत."

त्याच्या दृष्टीने विषय संपला. ठकीच्या दृष्टीनेही बहुधा संपला, कारण तिने लगेच चक्रीचं तिकीट मागितलं. माझा मात्र तिथून सुरू झाला, आणि घरी येऊन भांडी घासेपर्यंत चालू होता.

कारण नवरा म्हणतो ते खरंच आहे. २०१९ साली इथे बेनिग्ना मुन्सी नावाची सतरा वर्षांची मुलगी क्रिस्टकिंड झाली. आई जर्मन, वडील भारतातले, मुलगी न्यूर्नबर्गातच जन्मलेली. निवड जाहीर झाली आणि एएफडी या कट्टर उजव्या, स्थलांतरितविरोधी पक्षाच्या म्युनिकजवळच्या एका जिल्हा शाखेने फेसबुकवर तिचा फोटो टाकून, आता आपलं काही खरं नाही अशा अर्थाचा मजकूर लिहिला. त्यावर एवढा गदारोळ उठला की तो मजकूर काढावा लागला, त्या शाखेला माफी मागावी लागली. बव्हेरियाचे मुख्यमंत्री, शहर, अनोळखी माणसं, सगळे तिच्या बाजूने उभे राहिले. पोरगी शांतपणे सज्जात जाऊन आपलं पद्य म्हणून आली. दुसऱ्या वर्षी करोनामुळे बाजारच भरला नाही, नाहीतर तिला दोन्ही वर्षं मिरवता आलं असतं. आम्ही तेव्हा इकडे नव्हतो, पण इथल्या भारतीय घरांत ही गोष्ट अजून सांगतात, आणि सांगताना जरा ताठ बसतात. मीही बसते.

आणि तिच्याही डोक्यावर तोच सोनेरी टोप होता. शहराने तिला निवडलं, तिच्यासाठी भांडलं आणि मग तिचे गडद केस टोपाखाली झाकले. यात विसंगती आहे असं मी नवऱ्याला म्हटलं. तो म्हणाला, वेषभूषा आहे, क्रिस्टकिंड म्हणजे ते केस, ते काढले तर लोक म्हणतील ही कोण. बालगंधर्व नऊवारी नेसून, टोप घालून उभे राहायचे तेव्हा पुरुषांचा अपमान झाला का? आता बालगंधर्व मध्ये आणले की मला गप्प बसावं लागतं हे त्याला ठाऊक आहे. पण बालगंधर्व नाटक करत होते आणि तिकीट काढून बसलेल्याला ते माहीत होतं. सहा वर्षांच्या मुलीने तिकीट काढलेलं नव्हतं. तिला भेटी आणणारी दिसली, आणि तिचे केस कसे आहेत ते दिसलं.

पुन्हा तुम्ही म्हणाल, आपण कोण लागून गेलो. मान्य. रविवारच्या पेपरातल्या वधू पाहिजेच्या पानावर काय असतं ते मीही वाचलंय, माझ्यासाठी दिलेल्या जाहिरातीत 'गहूवर्णी' लिहायचं की 'निमगोरी' यावर आमच्या घरी बैठक झाली होती. आपला श्रीकृष्ण नावातच काळा, आणि कॅलेंडरवर त्याला आपण निळा करून सोडवणूक करून घेतली. पण निदान आपण गोरा नाही केला. (काही कॅलेंडरांवर केलाय. ती सोडून द्या.)

एक गोष्ट मात्र मला सांगायलाच हवी, कारण नवऱ्याने ती त्या रात्री काढली. गेल्या वर्षी आमच्या मंडळाच्या शिवजयंतीला बाल शिवाजी झाला होता तो एका मैत्रिणीचा मुलगा, वडील इथलेच. निळे डोळे, केस मक्याच्या कणसासारखे. वेषभूषेचं काम माझ्याकडे होतं. मी ते केस जिरेटोपाखाली नीट कोंबले, बाहेर आलेल्या बटांना काळ्या पिना लावल्या आणि वर कुंकवाचा टिळा ओढला. पोराने खणखणीत आवाजात भाषण केलं, टाळ्यांनी हॉल दणाणला. तेव्हा मला काही खटकलं नव्हतं.

पण तिथे केस डोळ्यांवर येत होते म्हणून कोंबले, हे कारण होतं. शिवाय जिरेटोप हा टोप असला तरी टोप नव्हे. आणि महाराज खरे होऊन गेले, ते दिसायचे कसे याची चित्रं आहेत. क्रिस्टकिंडचे केस सोनेरी हे कोणी पाहून ठरवलंय? बेथलेहेमात जन्मलेल्या बाळाचे तर नक्कीच नसणार. हा माझा मुद्दा मी नवऱ्याला दोनदा सांगितला. दुसऱ्यांदा तो घोरत होता.

बाजाराबद्दल एवढं तरी सांगते की लेबकुखन, म्हणजे इथले मसालेदार नाताळ केक, घेतले, आणि एलिझन या सगळ्यात वरच्या प्रतीचेच घेतले. त्या प्रतीला नियम आहे: सुकामेवा किमान २५ टक्के आणि पीठ १० टक्क्यांच्या वर नाही. असले नियम या देशालाच सुचतात, आणि मला ते मनापासून आवडतात. आपल्याकडे अनारशाला असा कायदा असता तर कितीजणांची दुकानं बंद पडली असती! मागच्या खेपेला आणलेले लेबकुखन तुम्ही चिवड्याच्या डब्यामागे ठेवून दिले होतेत हे मला कळलंय. या वेळी डबा उघडलेला फोटो पाठवायचा.

दुसऱ्या दिवशी ठकीने जाहीर केलं की ती क्रिस्टकिंड होणार. केसांचं तिने स्वतःच सोडवलं होतं, "टोप घालीन ना, त्यात काय!" मग आम्ही नियम काढून बसलो. वय सोळा ते एकोणीस, म्हणजे दहा वर्षं हातात आहेत. उंचावर चक्कर येता कामा नये. ठकी सोफ्याच्या पाठीवर चालते, त्यामुळे तेही जमलं. न्यूर्नबर्गात जन्म किंवा बरीच वर्षं वास्तव्य हवं. इथे नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. जन्म सांगलीचा, पत्ता फ्युर्थचा. घर घेताना, न्यूर्नबर्गपेक्षा स्वस्त आणि गाव काय वेगळं आहे का, असं म्हणणारा हाच माणूस. आजूबाजूच्या गावांनाही आपापली क्रिस्टकिंड असतात असं त्याने समजावून पाहिलं. ठकीला सज्जातलीच व्हायचंय.

शेवटचा नियम उंचीचा. किमान १ मीटर ६० सेंटिमीटर. माझी १५२, नवऱ्याची १६५, दोन्हीकडच्या आज्या माझ्या खांद्याला. रात्री फोनवर आईला सगळं सांगितलं. टोप, एएफडी, मतदान, काहीही तिच्या कानावर पडलं नाही. उंची तेवढी पडली. नाचणीचं सत्त्व आणि खारकेची पूड पुढच्या आठवड्यात येणाऱ्या कोणाबरोबर तरी पाठवते म्हणाली, आणि पोरीला रोज दाराच्या चौकटीला दहा मिनिटं लोंबकळायला लावायचं. इथल्या दारांच्या चौकटींना धरायला कडच नसते. नवरा काल बाजारातून लोखंडी दांडा घेऊन आलाय.