पोलोचे ब्रेक आणि कारीचा ट्रॅक: डिस्क-पॅडच्या झिजेची ताजी नोंद

मंडळी, कारीच्या रेस ट्रॅकवर चालवलेल्या पोलोच्या पुढच्या दोन्ही ब्रेक डिस्क उतरवल्या. जाडी भरपूर शिल्लक असताना उतरवल्या, आणि या वेळी मुख्य सांगायचं आहे ते त्याबद्दलच. आपण सगळे मिलिमीटर मोजतो. ट्रॅकवर मात्र डिस्क झिजून संपण्याच्या आधी तापून संपते.

गाडी तीच, पोलो १.२ टीएसआय. पुढे २५६ मिमी व्यासाची आणि २२ मिमी जाडीची व्हेंटिलेटेड (मधून हवा खेळणारी) डिस्क, मागे ड्रम. जाडीची खालची मर्यादा १९ मिमी. उतरवल्यावर डावी २१.३२ भरली, उजवी २१.३६. म्हणजे ३ मिमी झिजायची मुभा असताना पाऊण मिमीसुद्धा गेलेलं नाही. मोजताना एक सांभाळा. डिस्कच्या बाहेरच्या कडेला जिथे पॅड पोचत नाही तिथे उंच कंगोरा राहतो. साधं वर्नियर त्या कंगोऱ्यावर टेकतं आणि डिस्क आहे त्याहून जाड दाखवतं. मायक्रोमीटर आत घालून, पॅड घासतो त्या पट्ट्यावरच, गोल फिरत सात-आठ ठिकाणी मोजा. ते सगळे आकडे लिहून ठेवा, कारण सरासरीपेक्षा त्यांच्यातला फरक जास्त बोलतो.

साताऱ्यात ब्रेकचा विषय निघाला की कोणीतरी पसरणी घाट काढतंच. "पाचगणीवरून वाईला उतरताना ब्रेकचा वास येतो, ट्रॅकवर त्याहून काय वेगळं होणार?" म्हणून एकदा हिशेबच करून बघितला. पाचगणी ते वाई उतार धरा साडेपाचशे मीटरचा. गाडी, मी आणि पेट्रोल मिळून १२०० किलो. गिअरची काहीच मदत न घेता सगळा उतार ब्रेकवर काढला, तर ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जा साडेसहा मेगाज्यूलच्या आसपास येते. आता कोइंबतूरजवळचा कारी मोटर स्पीडवे घ्या. लांबी जेमतेम २.१ किमी. सरळ पट्ट्याच्या शेवटी १४० वरून ६० वर यायचं म्हटलं, तर त्या एकाच ब्रेकिंगला सुमारे ७४० किलोज्यूल. म्हणजे अख्खा पसरणी घाट अशा नऊ ब्रेकिंगमध्ये आटोपतो! घाटात ती उष्णता बारा-तेरा किलोमीटरवर, वीस-पंचवीस मिनिटांत पसरते आणि दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनही वाटा उचलतं. ट्रॅकवर प्रत्येक ब्रेकिंग अडीच-तीन सेकंदांचं, आणि थंड व्हायला वेळ मिळायच्या आत पुढचा कोपरा हजर.

यातली साधारण ७० टक्के ऊर्जा पुढच्या चाकांवर जाते. दोन्ही डिस्क मिळून वजन १० किलोच्या आसपास. पॅड आणि हवेचा वाटा वजा केला तरी त्या एका ब्रेकिंगला डिस्क जवळपास १०० अंशांनी चढते. पाच-सहा लॅप सलग मारल्यावर ती कुठे पोचत असेल ते यावरून लक्षात येईल.

अंदाजावर राहायचं नव्हतं, म्हणून या वेळी डिस्कच्या कडेला तापमान दाखवणारे तीन रंग लावले होते. हिरवा ४३० अंशांना पांढरा पडतो, केशरी ५६० ला पिवळा होतो, तांबडा ६१० ला पांढरा. परत आलो तेव्हा हिरवा आणि केशरी दोन्ही पूर्ण पलटले होते, आणि डावीकडचा तांबडाही अर्धवट गेला होता. पिटमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या थांबतात तिथे) लेझरवाली तापमान-गन रोखणाऱ्यांना माझी विनंती, तिच्यावर विसंबू नका. आत येईपर्यंत डिस्क बरीच उतरलेली असते, आणि चकचकीत धातूवर ती गन मुळातच कमी दाखवते. रंग खोटं बोलत नाही.

आता डाव्या डिस्ककडे येतो. ब्रेक दाबला की स्टिअरिंगला थरथर येत होती. गॅरेजमध्ये ऐकायला मिळतं तेच मिळालं, डिस्क वाकली. एमआयडीसीत एक ओळखीचे काका आहेत, सगळी हयात बिडाच्या टर्निंगवर गेलेली. त्यांच्याकडे डायल लावून बघितलं तर डिस्क सरळ, रनआउट (फिरताना डिस्क किती डुलते ते) मर्यादेत. पण गोल फिरत मोजलेल्या जाडीत ०.०३ मिमीचा फरक. एवढा फरक हाताला कळतही नाही, स्टिअरिंगला मात्र नक्की कळतो.

काकांनी हलका कट घेऊन बघितला. टूल छान सरकत होतं आणि ठरावीक जागी आलं की चिरकायचं. यंत्र थांबवून त्यांनी मला वाकायला लावलं. राखाडी पृष्ठभागावर अंगठ्याएवढा निळसर-काळा डाग, भोवतालचं बीड कापलं गेलेलं, डाग मात्र केसभर वर राहिलेला.

"हिथं बघ," काका म्हणाले, "टूल हिथं आलं की उडी मारतंय. हे बीड ऱ्हायलं न्हाई आता, काच झालीया. माझी टिप जाईल आन् तुझं काम बी हुणार न्हाई."

काकांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. डिस्क ग्रे कास्ट आयर्नची, म्हणजे करड्या बिडाची असते. त्यातल्या ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांमुळे उष्णता लवकर पसरते आणि कंप जिरतो. पॅडचा मसाला (त्यावरचा घासला जाणारा थर) एखाद्या जागी जाड चिकटला की ती जागा जास्त घासते, जास्त तापते, आणि तिथलं तापमान ६५०–७०० अंशांवर गेलं की त्या जागी सिमेंटाइट (लोखंड आणि कार्बनचं संयुग) तयार होतं. ओतीव बीड झटकन थंड होऊन कडक झालं की फाउंड्रीवाले त्याला चिल म्हणतात, त्यातला कठीण पदार्थ तो हाच. कठीण डाग कमी झिजतो, म्हणून उंच राहतो, म्हणून आणखी तापतो. वरून फेसिंग मारलं, म्हणजे लेथवर पृष्ठभाग सपाट केला, तरी डाग खोलवर असतो, थोड्या दिवसांत थरथर परत. नुसता पॅडचा थर चिकटला असेल तर डिस्क वाचते. बीडच बदललं असेल तर वाचत नाही.

शिवाय तडे. दोन्ही डिस्कवर केसासारख्या बारीक रेषा होत्या. अशा रेषा ट्रॅकवरच्या डिस्कला येतातच, त्यांनी घाबरायचं कारण नाही. नख फिरवायचं, नख अडकलं किंवा रेष बाहेरच्या कडेपर्यंत पोचली की डिस्क भंगारात. डावीवर एक रेष कडेला भिडली होती. तिथे विचार करायला जागाच नव्हती. आणि ॲक्सलवर डिस्क जोडीनेच बदलायच्या, म्हणून उजवीही गेली.

याच कारणाने भोकं पाडलेल्या डिस्कच्या मागे लागू नका असं मी कळकळीने सांगतो. दिसायला देखण्या असतात, पण ट्रॅकच्या उष्णतेत तडे भोकांपासूनच सुरू होतात. खाचांच्या डिस्क चालतात, फक्त पॅड लवकर खातात. आपल्या वजनाच्या गाडीला साधी व्हेंटिलेटेड डिस्क उत्तम. पैसे पॅड आणि ब्रेक ऑइलवर घाला.

पॅडचं सांगतो. डावीकडे आतल्या पॅडचा मसाला ५.१ मिमी उरला, बाहेरचा ६.४. आपला कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) एका पिस्टनचा, पिनांवर सरकणारा. पिना जड झाल्या की पिस्टनकडचा आतला पॅडच जास्त काम करतो. इकडच्या पावसाळ्यात चिखल-पाणी रबरी टोप्यांत शिरतं, तेव्हा दिवाळीच्या आधी पिना काढून साफ करा आणि सिलिकॉन ग्रीसच लावा. साध्या ग्रीसने रबर फुगतं. पॅडच्या कडा पांढरट, भुसभुशीत झाल्या होत्या, म्हणजे मसाला बांधून ठेवणारं रेझिन जळालं. मसाला अर्ध्याखाली गेलेला पॅड घरी-ऑफिसला महिनोन्महिने चालेल, ट्रॅकवर नेऊ नका. मसाला जितका पातळ तितकी उष्णता पिस्टनकडे आणि ब्रेक ऑइलकडे लवकर पोचते.

ब्रेक कशामुळे सोडतोय हे पायाला ओळखता आलं पाहिजे. पेडल घट्ट आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापलाय. पेडल मऊ पडून खाली जातंय, तर ऑइल उकळलंय, ताबडतोब वेग सोडा आणि आत या. डॉट ४ या दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू ताजं असताना किमान २३० अंश, पाणी शोषल्यावर किमान १५५. म्हणून प्रत्येक ट्रॅक डेच्या आधी मी ऑइल पूर्ण बदलतो, बाटली नवीच फोडतो. शेवटचा लॅप ब्रेकला हात न लावता हळू काढायचा आणि उभं राहिल्यावर पेडलवरून पाय काढायचा. तापलेली डिस्क पॅडने एका जागी धरून ठेवली की मसाल्याचा ठसा तिथेच उमटतो, आणि डाग सुरू होतात ते तिथूनच.

आता साध्या नव्या डिस्क बसल्या आहेत. बसवण्याआधी हबवरचा गंज वायर ब्रशने पार काढला, रनआउट ०.०३. पॅड या वेळी जास्त तापमान झेलणारा घेतलाय. थंड असताना तो थोडा किरकिरतो आणि पहिल्या दाबाला कमी धरतो, हे घरच्यांनाही सांगून ठेवलंय. बेडिंग (नवे पॅड आणि डिस्क एकमेकांवर घासून बसवणं) हायवेवर करणार नाही. पुण्याहून कोल्हापूरकडे धावणाऱ्या ट्रकांच्या पुढे पुन्हा पुन्हा जोरात ब्रेक मारणं जिवावरचं काम आहे. ते कारीलाच, पहिल्या सेशनमध्ये, हळूहळू वेग वाढवत. तिन्ही रंग परत लावलेत आणि डाव्या बाजूला डिस्क थंड करायला हवेची नळी घेतोय, उजवी मुद्दाम आहे तशीच ठेवलीय. दोन्हीकडचे रंग आणि मायक्रोमीटरचे आकडे पुढच्या नोंदीत शेजारी-शेजारी देतो.