अरुगम बे: तीन दिवसांचं ठरलं, सात दिवस राहिलो

श्रीलंकेच्या नकाशात कोलंबो डाव्या काठाला आणि सर्फिंगसाठी ओळखलं जाणारं अरुगम बे उजव्या काठाला, मध्ये चहाचे डोंगर. अंतर सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. "पाच तासांत पोचतो," असं आमच्या हिशेबनिसाने पुण्यात बसून सांगितलं होतं. आठ तास धरून चाला, आणि गाडीत हिशेबनीस असेल तर त्याला मागच्या सीटवर बसवा.

आम्ही चौघं, सगळे चाळिशीकडे झुकलेले. सर्फिंग कुणालाच येत नव्हतं, एकाला तर पोहताही येत नव्हतं. मूळ बेत असा की कोलंबो, कँडी, एल्ला, मग तीन रात्री अरुगम बे आणि परतताना दक्षिण किनारा. जुलैत दक्षिण किनारा ठेवणं हा शुद्ध अडाणीपणा होता. आपल्याकडचाच नैर्ऋत्य मोसमी पाऊस तेव्हा तिथेही असतो आणि मिरिस्सा, वेलिगामाचा समुद्र खवळलेला असतो. डोंगर ओलांडून वारा पूर्वेकडे येतो तोवर कोरडा झालेला असतो. महाबळेश्वरला धो धो आणि माण-खटावला धूळ, तसंच. म्हणून अरुगम बेचा हंगाम साधारण एप्रिल-मे ते ऑक्टोबर. सकाळी वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, लाटेचा चेहरा गुळगुळीत राहतो. दुपारी वारा फिरला की पाणी विस्कटतं. त्यामुळे सहाला पाण्यात आणि दहाला नाश्त्याला, हे वेळापत्रक आपोआप ठरतं.

आम्ही एल्लाहून वेल्लवाया, मोनरागलामार्गे पोत्तुविलला उतरलो. तिथून अरुगम बे तीनेक किलोमीटर, टुकटुकने. वाटेत खाडीवरचा पूल लागतो. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत हे गाव जवळजवळ धुऊन निघालं होतं. आज मुख्य रस्त्यावर कॅफे आणि बोर्डांची दुकानं दाटीने उभी आहेत, पण रस्ता एकच आणि गल्ल्या सगळ्या वाळूत जातात.

आता चूक. 'मेन पॉइंट' या इथल्या सर्फिंगच्या मुख्य जागेचं नाव इतकं ऐकलं होतं की दुसऱ्याच दिवशी मी बोर्ड घेऊन तिथे गेले. लाट सुंदर आहे यात वाद नाही. टोकाला फुटते आणि उजवीकडे लांबच लांब पळत जाते. पण खाली खडक आणि प्रवाळ, वर तरबेज लोकांची गर्दी. मी एका मुलाच्या पुढ्यात घुसले, आम्ही दोघंही पडलो आणि माझ्या पायाचा तळवा खडकावर चिरला. लाट जिथे फुटते त्याच्या सगळ्यात जवळ जो असेल, लाट त्याची. हा नियम पाण्यात जाण्याआधी पाठ करा. तो मुलगा रागावला नाही, नुसता बघत राहिला. ते जास्त लागलं.

शिकायचं असेल तर बेबी पॉइंट, चालत जाता येतं. नाहीतर टुकटुकने उत्तरेला व्हिस्की पॉइंट किंवा दक्षिणेला पीनट फार्म. टुकटुकच्या टपावर बोर्डांसाठी रॅक असतात. जाण्या-येण्याचं आणि थांबण्याचं भाडं आधीच ठरवा. बोर्ड मोठा, मऊ फोमचा घ्या. फायबरचा ऐटीत दिसतो, पण डोक्यात बसला की टाके पडतात. लांब बाह्यांचा रॅशगार्ड (पाण्यात घालायचा अंगाबरोबरचा टी-शर्ट) घरूनच न्या, नाहीतर दोन दिवसांत पोट बोर्डावर घासून सोलवटतं.

आमचा शिक्षक पंचविशीतला, बेताचं इंग्रजी बोलणारा. आधी अर्धा तास त्याने आम्हाला वाळूवरच पालथं पाडून उठवलं. मग कमरेएवढ्या पाण्यात. मागून लाटेची कुजबुज येते, तो बोर्ड ढकलतो, "अप!" ओरडतो आणि आपण उठतो ते थेट पायाकडे बघत. पायाकडे बघितलं की पडलोच. पाचव्यांदा त्याने किनाऱ्यावरच्या एका वाकड्या माडाकडे बोट दाखवलं: "लुक ट्री." माडावर नजर ठेवून उठले आणि काही क्षण समुद्र माझ्या पायाखालून सरकत होता. त्याच संध्याकाळी आम्ही दक्षिण किनाऱ्याचं बुकिंग रद्द केलं. पैसे बुडाले.

जेवणाची काळजी नको. कोत्तु रोटीच्या (तुकडे करून परतलेल्या रोटीच्या) तव्यावरचा दोन पात्यांचा खडखडाट लांबून ऐकू येतो. पण माझा जीव इडिअप्पमवर. म्हणजे आपल्या कोकणातले शिरवाळेच, फक्त गूळ-नारळाच्या रसाऐवजी वरण आणि ओल्या खोबऱ्याचा तिखट संबोल. म्हशीचं मडक्यातलं दही कितुल नावाच्या माडाच्या काकवीबरोबर रोज खाल्लं. पौर्णिमेला, म्हणजे पोयाला, दारूविक्री बंद असते. पोत्तुविल मुस्लिमबहुल, शुक्रवारी दुपारी बरीच दुकानं बंद. किनाऱ्याबाहेर अंगभर कपडे घाला. इथल्या मुली-बायकांनी 2018 मध्ये स्वतःचा सर्फ क्लब काढला आहे. पहाटे त्या पाण्यात दिसल्या तर कॅमेरा खिशात राहू द्या.

तळवा चिरल्यामुळे एक दिवस सक्तीची सुट्टी मिळाली, म्हणून ओकांदाला गेलो. पानमा गाव मागे पडलं की जंगलच, पुढे कुमना राष्ट्रीय उद्यान. ओकांदाला खडकाच्या पायथ्याशी मुरुगनचं, म्हणजे आपल्या कार्तिकस्वामीचं देऊळ आहे, आणि आम्ही गेलो तेव्हा तिथे पदयात्रेकरूंचा मुक्काम पडला होता. थेट जाफन्याकडून किनाऱ्याकिनाऱ्याने चालत आलेले, आता जंगलातून कतरगामच्या मुरुगन मंदिराला निघालेले. डोक्यावर गाठोडी, अनवाणी पाय, "अरोहरा"चा गजर. आपली वारी आठवणारच. गंमत म्हणजे आपल्याकडे कार्तिकस्वामीचं दर्शन बायकांनी घ्यायचं नाही म्हणतात, आणि इथे त्याच देवासाठी आज्या शेकडो किलोमीटर चालतात. वर इथे तो ब्रह्मचारीही नाही. एका आजीने माझ्या पायाची पट्टी बघितली, स्वतःच्या भेगाळलेल्या टाचा दाखवल्या आणि खळखळून हसली.

या रस्त्यावर संध्याकाळनंतर हत्ती येतात, अंधाराआधी परता. खाड्यांमध्ये मगरी आहेत. एलिफंट रॉकजवळच्या खाडीत पाय धुवायलासुद्धा उतरू नका.

बाकी किरकोळ. ईटीए, म्हणजे श्रीलंकेचा ऑनलाइन प्रवेश परवाना, निघण्याआधी सरकारी संकेतस्थळावरच काढा. शुल्क आणि नियम बदलत असतात. रोख जवळ ठेवा. घड्याळ बदलायचं नाही, वेळ आपलीच. प्रवास विम्यात सर्फिंग धरलंय का ते वाचा. जखमेसाठी जंतुनाशक आणि चिकटपट्टी भरपूर न्या.

पोहता न येणारा मित्र सातही दिवस कमरेएवढ्या पाण्याच्या पुढे गेला नाही आणि आमच्यात सगळ्यात आधी तोच नीट उभा राहिला. हिशेबनीस शेवटच्या सकाळी राहिला. स्वतःच्या मोजणीने अकरा सेकंद. आम्ही तिघं चार धरतो.