पूल ओलांडताना फोनमध्ये कोण कोण असतं

नायगाऱ्याच्या कॅनडाकडच्या काठावरून अमेरिकेत चक्क चालत जाता येतं, हे ताईने सांगेपर्यंत मला ठाऊक नव्हतं. ती मिसिसागाला राहते, तिथून गाडीने दीडेक तास. गाडी अलीकडेच लावायची, एक डॉलर भरायचा आणि रेनबो ब्रिजवर पाऊल ठेवायचं. पूल 1941 सालचा, एकाच कमानीवर तोललेला. खाली खोलवर हिरवी नदी, उजव्या हाताला अमेरिकन फॉल्स, आणि त्यापलीकडे स्वतःच्याच तुषारांत अर्धा बुडालेला हॉर्सशू धबधबा. मध्यावर सीमेची पाटी आहे. लोक एक पाय कॅनडात, एक अमेरिकेत ठेवून फोटो काढत होते. ताईने माझाही काढला, तिच्या फोनवर. माझा फोन मी पूल चढायच्या आधीच पूर्ण बंद करून ठेवला होता.

मी पुण्यात शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात वकिली करते. सहा वर्षांपूर्वी एका दुसऱ्याच देशाच्या विमानतळावर मला रांगेतून बाजूला घेतलं आणि फोन उघडून द्यायला सांगितलं. मी दिला. घाबरले होते, आणि लपवण्यासारखं आपल्याकडे काय आहे, असंही वाटलं. तो अधिकारी गॅलरी सरकवत गेला. आईच्या हातच्या पुरणपोळ्या, भाचीचं बारसं, आणि मग एकाएकी एक दंड, कोपरापासून खांद्यापर्यंत काळानिळा पडलेला. माझ्या पक्षकाराने पाठवलेला फोटो, व्हॉट्सअ‍ॅपने आपणहून गॅलरीत आणून टाकलेला. अधिकाऱ्याचा अंगठा थांबला. त्याने फोटो मोठा करून पाहिला, मग माझ्या दंडाकडे पाहिलं, आणि पुढे सरकला.

दहा मिनिटांत फोन परत मिळाला. कुणी उद्धट बोललं नाही. पण पुण्यात आल्यावर त्या पक्षकार बाईला बोलावून सांगितल्याशिवाय मला राहवेना. ती जरा वेळ गप्प बसली, मग एवढंच म्हणाली, “मॅडम, तोंड दिसत होतं का माझं?”

त्या फोटोत दिसत नव्हतं. पुढच्या दोन फोटोंत दिसत होतं, आणि तो तिथवर गेला की नाही, हे मला काही केल्या आठवेना.

त्यानंतर मी या विषयातलं हाताला लागेल ते वाचलं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये रायली खटल्यात सांगितलं, की अटक केलेल्या माणसाचाही मोबाइल पोलिसांनी एरवी वॉरंटशिवाय तपासायचा नाही. सीमेवर मात्र हे संरक्षण तसंच्या तसं मिळत नाही. तिथला अधिकारी संशयाचं काही कारण नसतानाही फोन हातात घेऊन चाळू शकतो. यंत्र जोडून आतला सगळा डेटा काढून घ्यायचा असेल, तर अमेरिकेच्या सीमाशुल्क आणि सीमा सुरक्षा खात्याच्याच जानेवारी 2018 च्या नियमांनुसार वाजवी संशय किंवा राष्ट्रीय सुरक्षेचं कारण लागतं. फोनचं नेटवर्क तोडूनच तपासायचं, फक्त क्लाउडवर असलेलं बघायचं नाही, हेही त्या नियमांत आहे. वकील-पक्षकारांमधला मजकूर आहे असं सांगितलं, तर खात्याच्या कायदा विभागाला विचारून तो वेगळा काढायचा असतो. पण हे तुम्ही तिथे उभं राहून, प्रवासाने शिणलेल्या डोक्याने, सांगायला हवं. अमेरिकन नागरिकाने पासकोड दिला नाही म्हणून त्याला देशात येण्यापासून रोखता येत नाही, फार तर फोन ठेवून घेतात. माझ्यासारख्या पर्यटक व्हिसावाल्या बाईला सरळ परत पाठवू शकतात. न्यूझीलंडमध्ये 2018 पासून पासवर्ड नाकारला तर 5,000 न्यूझीलंड डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो.

2024 च्या आर्थिक वर्षात अमेरिकेच्या सीमेवर सुमारे 47 हजार प्रवाशांची उपकरणं तपासली गेली. आलेले प्रवासी होते 42 कोटींच्या घरात, म्हणजे दहा हजारांत जेमतेम एक. हा आकडा ऐकून लोक निश्चिंत होतात. मला होता येत नाही. त्या एका फोनमध्ये एकटा त्याचा मालक नसतो. आपल्याकडे 24 ऑगस्ट 2017 ला नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्या पीठावर आपल्या नागपूरचे शरद बोबडेही होते. तो निकाल मी कोर्टात किती वेळा वाचून दाखवलाय. पण माझ्या पक्षकाराचा तो हक्क त्या दिवशी माझ्या पर्समधून परदेशात गेला होता, आणि तिला कुणी विचारलंही नव्हतं.

म्हणून या वेळी निघण्याआधी तीन संध्याकाळी याच कामात घालवल्या. ऑफिसचा फोन ज्युनियरच्या ताब्यात, कपाटात. मी बरोबर घेतला तो घरातला जुना हँडसेट, सगळं पुसून नव्याने सुरू केलेला. त्यात तिकिटं, नकाशे, ताईचा नंबर आणि एक वेगळा मेल. नुसते फोटो डिलीट करून भागत नाही. ते ‘नुकतेच काढून टाकलेले’ या कप्प्यात महिनाभर पडून असतात, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. शिवाय फोन पूर्ण बंद केला, की परत चालू केल्यावर पहिल्यांदा बोट किंवा चेहरा चालत नाही, पासकोडच टाकावा लागतो. म्हणून पुलाआधी तो बंद केला.

पुलाच्या टोकाशी, अमेरिकेच्या तपासणीच्या खोलीत आमच्या पुढे चौघंच होते. माझी पाळी आली. कुठून आलात, किती दिवस, काय करता?

“वकील आहे.”

“कसली वकिली?”

“घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा.”

अधिकाऱ्याने मान वर करून पाहिलं, चारही बोटांचे ठसे घेतले, आणि “हॅव अ गुड डे” म्हणत पासपोर्ट परत दिला. फोनचं नावही काढलं नाही. माझे तळहात ओले झाले होते, ते मी बाहेर आल्यावर ओढणीला पुसले.

गोट आयलंडवर आम्ही दुपारभर फिरलो. टेरापिन पॉइंटला कठड्याशी उभं राहिलं, की पाणी काठावरून कोसळण्याआधीचा क्षण अगदी हाताच्या अंतरावर दिसतो. काचेसारखं गुळगुळीत, हिरवं, आणि मग एकदम पांढरं. पायाखालची जमीन बारीक थरथरते. ताई म्हणाली, “अगं, आता तरी फोन चालू कर, आईला दाखवू.”

“तुझ्यावरूनच लाव,” मी म्हणाले. “संध्याकाळी परत त्याच पुलावरून जायचंय ना.”