शहाबादीवरचा फुगा

कसब्यातल्या एका जुन्या वाड्यात तळमजल्यावरचं स्वयंपाकघर, नऊ बाय सहा. आजी एकट्याच राहतात. ओल्या शहाबादीवरून दोनदा घसरल्या, म्हणून परदेशातल्या मुलाने दुकानात पैसे भरून जमिनीवर बसवायची विनाईल शीट सांगितली आणि दुकानदाराने मला पाठवलं. मे महिना होता.

हे काम म्हणजे सतरंजी अंथरणं, असं लोकांना वाटतं. वाड्याच्या भिंती गुण्यात, म्हणजे काटकोनात, नसतात. इथे तर या टोकापासून त्या टोकापर्यंत दीड इंचाचा फरक, त्यात कोपऱ्यात मोरीचा गोल कठडा. अशा खोलीत मी शीटला थेट सुरी लावत नाही. रद्दीचे पेपर चिकटपट्टीने जोडून अख्खी खोली कागदावर उतरवतो. कागदात मधेमधे तिकोनी खिडक्या कापून त्यांवरून जमिनीला पट्टी मारली की कागद हलत नाही. मग भिंतीचा वाकडेपणा कंपासने त्यावर उतरवायचा आणि वर मोठ्या अक्षरात ‘वरची बाजू’ लिहायचं. उलटा कागद ठेवून शीट वाया घालवणारे कारागीर मी पाहिलेत. एकदा मीही घालवलीय. शीट दोन मीटर रुंद, म्हणजे जोडाची भानगड नाही. मोरीचा तो गोल असा बसला की कडेला पोस्टकार्ड शिरेना.

पण त्याच्या आदल्या रात्री मी फरशीवर दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी पट्टी मारून ठेवला होता. सकाळी आतून धुरकट. ऐन मे महिन्यात! शहाबादीखाली नुसता मुरूम आणि माती, ओल सांध्यांतून वर येणारच. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, “दव असेल, लाव.” त्याला रोल विकायचा असतो, खाली काय आहे ते आम्ही बघायचं.

मी मुलाला सांगितलं, न चिकटवता नुसती टाकू, पावसाळ्यात उचलता येईल. तो म्हणाला, “सुट्या कडेत आईचा पाय अडकला तर?” यावर मला बोलता येईना. त्याचंही खरंच होतं. शेवटी कडेने चार बोटं सोल्युशन आणि मधे मोकळी, असं ठरलं. ना धड हे, ना धड ते. सोल्युशनच्या वाफेला पेट घ्यायला ठिणगीही पुरते, म्हणून सिलिंडर बाहेर काढला, पण देवाजवळचं निरांजन हलवायला आजी तयार होईनात. अर्धा तास त्यातच गेला. शेवटी देवच बाहेरच्या खोलीत गेले.

श्रावणात त्याच वाड्यात वरच्या मजल्यावर काम निघालं, तेव्हा डोकावलो. दारातच कुबट वास. खोलीच्या मध्यावर पितळी हंडा. “आजी, हंडा इथे कशाला?” हंडा सरकवला तर खाली ताटाएवढा फुगा, वर सुईची पाच-सहा भोकं. आजींनी स्वतःच टोचून वर वजन ठेवलं होतं. “अरे, तू एवढं मन लावून केलंस, कुठे कळवायचं तुला!”

कडा ओलीने सुटल्याच होत्या. उचलल्या तर खाली थेंब आणि काळी बुरशी. पुसून शीट दाराआड उभी केली, फरशी सुकायला आठ दिवस लागले.

मुलाला मी अजून फोन केलेला नाही. आजींनी शपथ घातलीय, आणि खरं सांगायचं तर शपथ घातली ते माझ्या पथ्यावरच पडलं. आता त्या पुन्हा ओल्या शहाबादीवरून मोरीकडे जातात. रविवारी मुलाचा व्हिडिओ कॉल असतो, त्याआधी शेजारचा पोरगा शीट अंथरून देतो, नंतर गुंडाळतो. तो नक्षी आत घेऊन गुंडाळायचा, त्याने वळ्या पडायला लागल्या होत्या. नक्षी बाहेर ठेवून सैल गुंडाळायचं, एवढं त्याला दाखवून आलो.